अण्णांची ड्यूटी

"थांबण्याचं कारण निवडा," अशी चौकट पडद्यावर आली आणि त्याचं डोकंच फिरलं. चहा, जेवण, मीटिंग, वैयक्तिक.

"बापाला डॉक्टरकडे नेलं होतं! ते कशात बसवू? बोडक्यावर?" तो कॉम्प्युटरवर खेकसला आणि 'वैयक्तिक'वर बोट आपटलं. टिंग! घड्याळ चालू झालं.

घरून इमारतींचे नकाशे काढणाऱ्यांवर ऑफिसने हे वेळ मोजणारं ॲप बसवलं, त्याचा फायदा झाला नाही असं नाही. पूर्वी एका जिन्याच्या नकाशात अख्खा दिवस जायचा आणि गेला कुठे ते कळायचं नाही. आता संध्याकाळी काम हातावेगळं होई. साहेबांनी कौतुक केलं. बायकोही म्हणाली, "चला, माणसात आलात एकदाचे." पण उठताना टिंग, बसताना टिंग, त्या आवाजाने त्याला नुसता वात आणला होता.

बायको दिवसभर कामावर आणि आतल्या खोलीत अण्णा, त्याचे वडील. एक पाय लुळा पडल्यापासून त्यांना बाथरूमला धरून न्यावं लागे. आधी घटकाघटकेला हाक यायची. हल्ली हाका जवळजवळ थांबल्या होत्या आणि खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटत होतं.

आज मात्र डॉक्टरांनी त्यालाच झापलं होतं. "पाणी देत नाही का यांना? मूत्रपिंडावर ताण आलाय."

नकाशात मन लागेना. तो तणतणत आत गेला. उशाजवळचा जग काठोकाठ भरलेला.

"अण्णा, सकाळी भरला तसाच आहे हा! लहान आहात का तुम्ही? आता चमच्याने पाजू?"

"पितो की. तुझं काम आटोपलं की पितो."

"का? दिवसा कडू लागतं पाणी?"

अण्णा जन्मभर बस चालवलेला माणूस. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"अरे, प्यायलं की जावं लागतं. ड्यूटीवर आम्ही कधी प्यायचोच नाही. भरली गाडी मध्येच कुठं उभी करणार? लोक शिव्या देतात."

"इथे कोण देतंय शिव्या?"

"तू देतोस. त्या घंटेला देतोस म्हणा," अण्णा म्हणाले, "पण वाजते ती माझ्यापायी."

स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. त्याने पेला भरून त्यांच्या हातात दिला आणि तिथेच पलंगावर बसला.

बाहेर टिंग झालं. बराच वेळ हात हलला नाही की ते ॲप विचारायचं, अजून काम करताय का?

"जा, वाजतंय."

"वाजू दे. तुम्ही प्या. सावकाश प्या."

अण्णांनी पेला दोन्ही हातांनी धरला, दाराकडे बघत घाईघाईने चार घोट घेतले आणि उरलेलं पाणी त्याच्या हातात परत दिलं.

"बास," ते म्हणाले, "आता संध्याकाळपर्यंत चालेल."