रोज दोन, उपाशीपोटी

वहिनीचे डोळे पिवळे झाले तेव्हा डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काही औषधं चालू आहेत?" दादानं छातीठोकपणे सांगितलं, "छे! साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा घेत नाही ती." झालं! चार दिवस नुसतं रक्त तपासताहेत आणि कारण काही सापडत नाही. आकडे असेच चढले तर यकृत बदलावं लागेल म्हणाले.

पाचव्या दिवशी तिचे कपडे आणायला दादाच्या घरी गेले. वीस वर्षं औषधाच्या दुकानात उभी आहे मी, डबी दिसली की हात जातोच. मिठाच्या बरणीशेजारी हिरवी डबी होती. ग्रीन टीचा अर्क, अँटिऑक्सिडंट. जवळजवळ संपलेली. माझं टाळकंच सरकलं.

हॉस्पिटलात दादासमोर ती आपटली. "हे काय आहे?"

"ते होय? ते औषध थोडंच आहे! झाडपाला आहे."

"कण्हेरसुद्धा झाडच असतं! कपभर चहा वेगळा आणि त्याचा अर्क ठासलेली कॅप्सूल वेगळी. एखाद्याच्या यकृताची वाट लागते यानं! कुठल्या दीडशहाण्यानं दिलं हे हिला?"

नर्स वळून बघायला लागल्या. बघू देत! दादानं डबी फिरवून माझ्यापुढे धरली. मागे निळ्या पेनानं लिहिलं होतं, 'रोज दोन, उपाशीपोटी.'

अक्षर माझं. वहिनी दुकानात आली तेव्हा मीच दिलेली, आणि साफ विसरलेली. डोस लिहिल्याशिवाय मी काउंटरवरून काही सरकवत नाही, त्याचा केवढा तोरा मला! डॉक्टरी औषधाचं पत्रक मी भिंग लावून वाचते. हे मात्र कंपनीचा माणूस ठेवून गेला, "ताई, नैसर्गिक आहे, साइड इफेक्टचं नाव नको" म्हणाला, आणि मी बाई त्याचं ऐकून लिहीत सुटले. त्या मेल्याला काय बोलू? यकृताचं मी वाचलं ते नंतर, पण तेव्हाही वाचता मला येत होतं ना!

डॉक्टरांपुढे डबी ठेवली. "ही ती घेत होती. मीच दिली." त्यांनी लिहून घेतलं. आता बंद, बहुतेक सावरेल म्हणाले. बहुतेक.

वहिनीजवळ गेले. तिनं पिवळे डोळे उघडले आणि माझा हात धरला.

"चिमू, माझी हिरवी डबी आणलीस का गं? गडबडीत घरीच राहिली. चार दिवस चुकले बघ. एरवी तू लिहिल्यापासून एक दिवस चुकवला नव्हता."