छत्रीचा बिल्ला

मुलांनो, जरा कल्पना करा. तुमच्यासमोर एक छोटासा ओव्हन आहे. काचेच्या दारातून आत पिवळा उजेड दिसतोय आणि त्या उजेडात एक नाव वळवळतंय. पातळ प्लॅस्टिकच्या तुकड्यावर रंगीत पेन्सिलीनं लिहिलेलं नाव. आच लागली तसा तो तुकडा सुक्या पानासारखा मुडपला, स्वतःभोवती गुंडाळला गेला. केलेलं सगळं मातीत गेलं, असंच वाटावं. तुम्ही दार उघडाल?

"उघडायचं नाही," मावशी म्हणाली. "रुसलंय ते. रुसलेल्याला लगेच हात लावायचा नसतो."

"पण मावशी, ते मेलं!" भोंगा किंचाळली.

भोंगा ही पाळणाघरातली मुलगी. तिनं रडायला तोंड उघडलं की गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प बसत, म्हणून हे नाव. आणि मावशी तिथली मदतनीस. नाकं पुसायची, हरवलेले मोजे शोधायची, झोप न येणाऱ्याला थोपटायची आणि दर नव्या मुलाला नावाचा बिल्ला करून द्यायची. नावाशेजारी एक चित्र असे, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही आपल्या दप्तराची खुंटी सापडावी. चित्र कुठलं काढायचं, हे मूल चार दिवस न्याहाळल्याशिवाय ती ठरवत नसे. भोंगाच्या बिल्ल्यावर बदक होतं. चोच उघडी.

आत तुकडा हळूहळू उलगडला, सपाट झाला. तळहाताएवढा होता, तो आकसून बिस्किटाएवढा नि तेवढाच जाड झाला. मावशीनं तो चिमट्यानं बाहेर काढला आणि वर एक जाडजूड पुस्तक दाबून धरलं.

"कुणाचा आहे हा?" भोंगानं विचारलं.

"सोमवारपासून एक नवी ताई येणारे. मला जोडीदार! आता तू पळालीस की ती धावेल तुझ्यामागं, मी बसून बघेन."

या नव्या ताईला मावशीनं पाहिलेलंही नव्हतं. म्हणून तिनं छत्री काढली. छत्री कुणालाही चालते.

मावशी खुशीत होती, त्याला कारण होतं. पाळणाघर चालवणाऱ्या ताईला तिनं मागच्या महिन्यात, भांडी विसळता विसळता, एकटीला गाठून सांगितलं होतं, "कधीकधी खाली बसले की उठता येत नाही गं. गुडघे ऐकत नाहीत. पण हे पोटात ठेव." ताईनं तिचा ओला हात दाबला होता. पाळणाघर एका खोलीत सुरू झालं तेव्हापासूनच्या त्या दोघी. हा ओव्हनही मावशीनं स्वतःच्या घरून आणलेला. त्यामुळं काल ताई म्हणाली, "नवी मदतनीस येतेय, एक बिल्ला कराल का?" तेव्हा मावशीला वाटलं, बघा, न बोलता सोय केली पोरीनं.

बिल्ल्यात दोरा ओवून ती स्वयंपाकघरात गेली. तिथं मोठ्या माणसांच्या एप्रनच्या खुंट्या होत्या. प्रत्येकीवर बिल्ला होता, फक्त शेवटच्या खुंटीवर नव्हता. ती मावशीची. तिला कशाला हवा बिल्ला? तिची खुंटी भिंतीलाही पाठ होती.

"अगंबाई, एकही रिकामी नाही," मावशी म्हणाली. "एक खुंटी ठोकून घ्यायला हवी."

स्वयंपाकीणबाई भाजी चिरत होती. तिनं मान वर केली नाही. "मावशी, तुम्ही ताईंशी बोला."

"एका खुंटीसाठी ताई कशाला? हातोडी आहे की."

"खुंटी ठोकायची नाहीये, मावशी."

सुरी थांबली होती. मावशीनं खुंट्यांकडं पाहिलं, मग हातातल्या छत्रीकडं. दारात ताई येऊन उभी होती, आणि तिच्यामागं भोंगा.

"मी आज सांगणारच होते," ताई म्हणाली.

"बिल्ला करून झाल्यावर?"

"तसं नाही हो. तुमच्याइतका सुबक कुणाला जमतो? पण मावशी, उद्या एखादं मूल कडेवरून पडलं तर? मी पालकांच्या कानावर घातलं. त्यांचंही हेच म्हणणं पडलं. आणि गुडघ्यांचं तुम्हीच तर म्हणाला होतात."

"तुला म्हणाले होते," मावशी म्हणाली.

केसानं गळा कापणं म्हणतात, ते बहुधा असंच असतं. आवाज होत नाही. भाजी शिजत राहते.

मावशीनं आपला एप्रन काढला, घडी घातली. छत्रीचा बिल्ला शेवटच्या खुंटीवर अडकवला. तो जरा कलला होता, तो सरळ केला.

"नीट बसलाय का, बघा तुम्ही," ती म्हणाली. ती ताईला नेहमी अगं-तुगं करायची. आजपासून ते संपलं.

भोंगा मात्र रडली नाही. ती पळत ओव्हनच्या टेबलाशी गेली. मावशी ओव्हन घरी न्यायला म्हणून तिथं आली, तेव्हा भोंगानं प्लॅस्टिकचा उरलेला तुकडा तिच्यापुढं धरला. त्यावर दोन मोठे गोल होते. दोन्हींना डोळे, दोन्हींना हसरी तोंडं.

"हे काय गं?"

"तुझे गुडघे. भाज."

मावशीला हसू आलं, आणि हसता हसता तिचे ओठ वाकडे झाले. "अगं, आधी भोक पाडायचं ना? भाजल्यावर कडक होतं, मग पडत नाही. किती वेळा शिकवलंय?"

"माहितेय."

"मग टांगणार कसं?"

"टांगायचंच नाही," भोंगा म्हणाली. "टांगलं की कुणीतरी काढतं."

मावशीनं तुकडा आत ठेवला. आच लागली तसे ते दोन गोल मुडपले, एकमेकांत गुंडाळले गेले. मावशीचा हात आपसूक दाराकडं गेला. भोंगानं तिचं बोट धरलं, आणि काचेत बघत ती तशीच उभी राहिली.