दोन सीटची सवत

मित्रांनो, मी बेळगावातल्या शहापूरच्या सुबरावांची जुनी जीप आहे. माझा रंग एकेकाळी निळा होता, हे आता सांगावं लागतं. सुबरावांच्या मागांवरच्या साड्यांचे गठ्ठे मी वर्षानुवर्षं निपाणी-संकेश्वरच्या दुकानांत पोचवले. घरातली लग्नं, बारशी, जत्रा माझ्याच जिवावर झाली. दसऱ्याला त्यांच्या पत्नी इंदुताई माझ्या बोनेटला हळदकुंकू लावायच्या आणि चार माणसांत माझं कौतुक करायच्या.

मग त्यांच्या मुलाने, मंथनने, एक लाल गाडी आणली. दोनच सीटची, उघड्या टपाची. बटण दाबलं की टप आपोआप मागे जाई आणि गल्लीतली पोरं टाळ्या वाजवत. आता टप माझाही निघतो! कापडी आहे, पट्टे सोडले की झालं. पण माझ्यासाठी कुणी कधी टाळी वाजवली नाही. शेडमधली माझी जागा तिला मिळाली आणि मी गटाराकडेला उन्हात. मी जळत होते, खोटं कशाला बोलू?

ती दिसायला देखणी आणि पळायला चपळ, हे मला मान्य आहे. तिच्यातून कॅम्पातल्या झाडांखाली फिरताना मंथनचा चेहरा जसा खुलतो, तसा माझ्यात बसून कधी खुलला नाही. ते मला फार लागलं. पण गल्लीतल्या प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासतं. साड्यांचा एक गठ्ठा मावत नाही. टप उघडा राहिला की सीटवर धूळ आणि कावळ्यांची शीट. अशा दिवशी मला भारी बरं वाटे.

तरी भंगारात जायची पाळी माझ्यावरच आली. लग्नाची गडबड संपली की भंगारवाला भरमा मला नेणार, असं ठरलं.

मंथनचं लग्न निपाणीत झालं. नवरी लाल गाडीतूनच घरी न्यायची त्याची हौस. पूर्णिमा गाडीत बसली, मंथन बसला. तेवढ्यात तिची आत्या नागुबाई पिशवी घेऊन आली. ती पाठराखीण होती. आमच्याकडे नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की माहेरची एक बाई सोबत जाते आणि तिच्या शेजारीच बसते.

"जावईबापू, मी कुठं बसू?" नागुबाईने विचारलं.

मंथनने मागे वळून पाहिलं. मागे सीटच नव्हती. गाडी सजवण्याच्या नादात त्याला पाठराखणीची आठवणच राहिली नव्हती.

पूर्णिमा शालू सावरत उतरली आणि आत्याला घेऊन माझ्यात बसली. मी तिथे रुखवताची भांडी न्यायला आले होते. फुलांनी मढलेल्या गाडीत मंथन एकटाच पुढे, आणि नवरी घेऊन मी मागे. तवंदीच्या घाटात माझा आनंद मावेना.

दुसऱ्या सकाळी भरमा दोर घेऊन आला. सुबराव किल्ली द्यायला निघाले. तेव्हा पूर्णिमा उंबऱ्यात येऊन उभी राहिली. सासऱ्यांपुढे बोलायची तिची पहिलीच वेळ, पदर बोटाला गुंडाळत होती.

"आप्पा, जीप नका देऊ," ती म्हणाली. "वाटंत आत्यानं माझा हात धरलता. त्या गाडीत मला एकटीलाच रडत यायला लागलं असतं."

सुबरावांनी किल्ली खिशात टाकून भरमाला चहाला बसवलं.

मित्रांनो, फडकं अजूनही आधी लाल गाडीवरून फिरतं आणि मळकं झालं की माझ्यावर येतं. माझा हेवा काही गेलेला नाही. पण तुमच्या दारात नवी गाडी आली, तर जुनीला दोर बांधण्याआधी घरात एकदा विचारा, तिच्यात अजून कुणाला बसायचं आहे का.