भिंतीवरचं लग्न

मी चुन्याचा पहिला हात मारला आणि बस्त्यांवकाका गुडघ्यापर्यंत दिसेनासे झाले. ते काम बघायला आले होते. परत निघाले तेव्हा त्यांच्या सायकलचे पायडल आपोआप फिरत होते.

“काही होतंय का?” मी परांचीवरून विचारलं.

“हलकं वाटतंय,” काका म्हणाले आणि गेले.

आमच्या चर्चमध्ये वेदीमागच्या भिंतीवर काना गावचं लग्न आहे, ज्यात येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला ते. चाळीस वर्षांपूर्वी एका फिरत्या चित्रकारानं गावातल्याच माणसांना समोर बसवून ते काढलं. बस्त्यांवकाका त्यात रांजण उचलतात. माझी आई मरियामाता आहे, आमच्याकडच्या बायकांसारखं लाल लुगडं नेसलेली. नवे फादर ऑस्कर म्हणाले, मिस्साच्या प्रार्थनेच्या वेळी लोक भिंतीवर आपापली माणसं शोधत बसतात, भिंत कोरी हवी. चर्चच्या पॅरिश कौन्सिलमध्ये दोन महिने भांडण चाललं. सख्ख्या भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. शेवटी एका मतानं कोरी भिंत जिंकली. गावात रंगारी मी एकटाच, म्हणून काम माझ्याकडे आलं.

“फादर, माणसं जातायत,” मी सांगितलं.

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग दारातून बाहेर. अंगणात सेलीनबाईंना डोकं नव्हतं, तरी त्या ठरावाच्या विरोधात बोलत होत्या.

“ठराव झालाय, इनास. दुसरा हातही द्यावा लागेल. खालचा निळा दिसतोय.”

येशू मात्र चित्रकारानं मनानं काढला होता. त्याच्यावर कुंचला फिरवला तेव्हा कुणालाच काही झालं नाही.

दुपारी भिंतीवर एकटी आई उरली. मी कुंचला बादलीत ठेवला. ती स्वतः पुढच्या बाकावर येऊन बसली होती.

“थांबलास का?”

“तुझ्यावर नाही मारणार.”

“मार. चाळीस वर्षं बायका माझ्या तोंडाकडे बघून रडतात. तुझे बाबा गेले तेव्हा मला रडायला कोपरा मिळाला नाही. सगळे म्हणाले, तूच अशी केलीस तर आम्ही कुणाकडे बघायचं? दमले रे मी.”

“आणि मी कुणाकडे बघू?”

“तुला ताप आला की तू इथं भिंतीसमोर येऊन बसायचास,” आई म्हणाली. “मी घरी पेज घेऊन वाट बघायची.”

मी बादलीतून कुंचला काढला. भिंतीवरच्या तिच्या हातांवर चुना मारला. बाकावर बांगड्या तेवढ्या राहिल्या. मग खांदे. मग गळा. लुगड्याच्या वर, अधांतरी, तिचा चेहरा शांत होता.

“चेहरा राहिला,” फादर म्हणाले.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. बायका मेणबत्त्या घेऊन आत आल्या. त्यांनी भिंत पाहिली, मग बाक पाहिला. एकेक जण बाकाभोवती गुडघे टेकू लागली. ज्यांना गुडघे नव्हते, त्याही टेकल्या. शेवटी फादरही खाली बसले आणि त्यांनी हात जोडले.

आईचा चेहरा माझ्याकडे वळला.

“लवकर,” ती म्हणाली.

मी कुंचला उचलला. चुना मनगटावरून कोपराकडे ओघळत होता, आणि खाली बायकांनी गायला सुरुवात केली.