खाणीचा वळसा

ऑपरेटरबाईंना त्या मॅडमचा पहिल्या तासाभरातच राग आला. रुग्णवाहिकेच्या फोनवर वर्षानुवर्षं बसून त्यांना अशी सवय झाली होती, की समोरच्याचं म्हणणं अर्ध्या वाक्यात कळायचं आणि उरलेल्या अर्ध्यात त्या गाडी धाडून मोकळ्या व्हायच्या. आणि ही संगणकावर नकाशा काढायला शिकवायला आलेली बाई! कुणाचं अडलं की शेजारी येऊन उभी राहायची, दोन्ही हात पाठीमागे बांधून, आणि वर विचारायची, तुम्हाला काय वाटतं? माउसला बोट म्हणून लावायची नाही. "हात घरी ठेवून आल्यात वाटतं," असं ऑपरेटरबाई शेजारच्या अग्निशमनवाल्याच्या कानात पुटपुटल्या. तो बिचारा हसू दाबताना आपण काढलेली शाळेची इमारतच पुसून बसला.

सॉफ्टवेअर फुकट होतं, नकाशाही सगळ्यांसाठी खुला होता. कुणीही त्यात भर घालावी. फुकट मिळालेल्या वस्तूवर ऑपरेटरबाईंचा कधीच विश्वास नव्हता. तरी त्या सुट्टी टाकून या वर्गाला आल्या होत्या, ते केवळ ताईसाठी.

ताई, म्हणजे त्यांची थोरली बहीण, टेकडीवरच्या वस्तीत एकटी राहायची आणि तिचं हृदय अधू होतं. मोठ्या रस्त्यावरच्या लाँड्रीच्या मागच्या गल्लीतून निघालं की ओढ्यावरच्या नव्या पुलावरून गाडी थेट तिच्या दारात जाते. पण नकाशाला ना ती गल्ली ठाऊक, ना पूल. रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर कंत्राटावरचे, सतत बदलणारे. फोन नेईल तिकडे जाणार. आणि फोन त्यांना दगडाच्या खाणीला लांबलचक वळसा घालायला लावायचा. मागच्या खेपेला ताईच्या छातीत कळ आली तेव्हा असंच झालं. ताईला अवतारात बाहेर पडायला आवडत नाही. "वेणी घालून झाली, वाट बघून झाली, शेवटी वेणीसकट आडवी झाले," असं ती बरी झाल्यावर हसत हसत सांगायची. ऑपरेटरबाईंना ते हसू ऐकवत नसे. ताई आडवी झाली तेव्हा फोनच्या या टोकाला त्याच होत्या.

आता सगळ्या गाड्यांच्या फोनमध्ये नवा नकाशा भरायचा होता. आज संध्याकाळपर्यंत जे काढून होईल, ते त्यात जाणार. राहिलं ते वर्षभर राहिलं.

वरून घेतलेल्या फोटोत लाँड्रीचं हिरवं छप्पर बाईंना लगेच सापडलं. टिचक्या मारत मारत त्यांनी गल्ली काढली, पूल काढला, वरचा रस्ता ताईच्या फाटकापर्यंत नेला. मग मोठ्या ऐटीत त्यांनी यंत्राला दवाखान्यापासून ताईच्या घराचा रस्ता विचारला. निळी रेघ निघाली आणि गेली आपली खाणीला वळसा घालून.

त्यांनी सगळं पुसलं, पुन्हा काढलं. पुन्हा खाण. बाकीचे आवरायला लागले होते. बाईंचे डोळे भरून आले, आणि भरल्याचा त्यांना आणखी राग आला.

"मॅडम, हात जोडते. तुम्हीच करा."

मॅडम आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि चूक त्यांना तिथल्या तिथे दिसली, हे ऑपरेटरबाईंना त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पाठीमागे बांधलेली बोटं एकमेकांत घट्ट आवळली गेली.

"मी केलं तर आजचं भागेल," मॅडम हळू म्हणाल्या. "उद्या दुसरी गल्ली निघाली तर मला कुठे शोधाल? मला सांगा, फोनवर माणूस गोंधळलेला असला की तुम्ही काय करता?"

"त्याला पावलापावलावर विचारते. आता कुठे आहात, समोर काय दिसतं."

"मग विचारा."

बाईंनी नाक पुसलं आणि त्या ताईच्या फाटकापासून उलट दिशेने निघाल्या. समोर काय? उतार. पुढे? पूल. प्रत्येक ठिकाणी त्या नकाशा मोठा करून बघत होत्या. लाँड्री. मोठा रस्ता. तिथे आणखी मोठा केला, आणखी मोठा केला, आणि त्यांना फट दिसली. केसाएवढी. दुरून गल्ली रस्त्याला चिकटलेली दिसत होती, पण टेकलेली नव्हती. यंत्राच्या लेखी तिथे रस्ता संपत होता. बाईंनी रेघेचं टोक धरलं, ओढलं आणि रस्त्यावर नेऊन नीट बसवलं.

निळी रेघ खाण सोडून पुलावरून सरळ वर गेली.

मॅडमचे हात तेव्हा कुठे सुटले. चष्मा काढून त्या काचा पुसत राहिल्या. दिवसभर हे हात आवरायला या बाईला किती जड गेलं असेल, हे ऑपरेटरबाईंना त्या क्षणी उमगलं. इतकं चांगलं शिकवणारं माणूस त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि तसं त्यांनी तोंडावर सांगूनही टाकलं.

पुढे थंडीत एका सकाळी ताईचा फोन आला. पुन्हा तीच कळ. ऑपरेटरबाईंनी गाडी धाडली. ड्रायव्हर नवाकोरा, त्याने ती टेकडी कधी पाहिलीही नव्हती. बाई नेहमीसारखं विचारत राहिल्या, आता कुठे बसली आहेस, समोर काय दिसतं. मध्येच पलीकडे दार वाजलं, माणसांचे आवाज आले.

"अगं, एवढी काय घाई तुला?" ताई धापा टाकत कुरकुरली. "वेणी अर्धीच झालीय माझी."