नव्वद दिवसांनी नवीन

खुर्ची आली त्या दिवशी माझं डोकं फिरलं. डोक्याला टेकण असलेली, हात वरखाली होणारी, चाकं कशी गुळगुळीत. शिपायाने ती ढकलत आणली आणि माझ्या टेबलासमोरून सरळ नवीकडे नेली. नवी म्हणजे आमच्याकडे लागून जेमतेम तीन आठवडे झालेली मुलगी. माझ्या खुर्चीचं एक चाक चार वर्षं डावीकडे ओढतंय. मी तीनदा अर्ज केला, तिन्ही वेळा साहेब म्हणाले, "बघतो, ताई." बघतायत अजून.

आमचं काम काय ते आधी सांगते. कंपनी टीव्हीच्या कनेक्शनची. ज्यांना कनेक्शन बंद करायचंय त्यांचे फोन आमच्या खात्यात येतात आणि आम्ही त्यांना गोड बोलून थांबवायचं. खात्याचं कागदावरचं नाव लांबलचक आहे, आम्ही म्हणतो रुसवेफुगवे खातं. गिऱ्हाईक "मला बंद करायचंय" म्हणालं, की मी स्क्रीनवर तसं कारण निवडते, आणि तेव्हा कुठे सवलतीचं बटण हिरवं होतं. तोवर ते करडं. बोट दुखेपर्यंत दाबा, ढिम्म हलत नाही.

पलीकडच्या रांगेत नव्या जोडण्यांचे फोन येतात. नोकरीला लागलेल्यांना पहिले तीन महिने तिथेच बसवतात. तिथे बटण पहिल्यापासून हिरवं. निम्मा दर, कोरा बॉक्स, खेळांची सगळी चॅनल सहा महिने फुकट. नवीला दिवसभर फक्त "या, या" म्हणायचं असतं. "जाऊ नका हो" म्हणत घसा कोरडा करायचा तो मी.

अकरा वर्षं मी हे केलं आणि मला कधी काही वाटलं नाही. पण खुर्ची आली त्याच आठवड्यात प्रिंटरवर नवीची पगाराची चिठ्ठी राहिली होती. मी माझे कागद घ्यायला गेले होते, मुद्दाम नाही. बरं, उलटी करून पाहिली ती मुद्दाम. माझ्यापेक्षा सव्वापट. अकरा वर्षांनी मला जे मिळतं त्याच्या सव्वापट तिला पहिल्या महिन्यात. अंगाचा नुसता तिळपापड झाला. चिठ्ठी होती तशी पालथी ठेवली आणि जागेवर येऊन दोन गिऱ्हाइकांवर उगीच खेकसले.

शेजारच्या टेबलावर चष्मा बसते, आम्ही तिला तेच नाव पाडलंय. नऊ वर्षं झाली तिला, माझ्या खालोखाल जुनी. तिला सांगितलं, तर चष्मा पुसत म्हणाली, "बाजारभाव असतो गं तो. आपण जुन्या भावात घेतलेल्या." तिच्या पोटातही दुखत होतं, पण तिला ते झाकता येतं. मला येत नाही. नवी हसली तरी मला वाटायचं, सव्वापट हसतेय.

आणि वाईट म्हणजे पोरगी चांगली होती. रोज सकाळी "ताई, चहा घेणार?" म्हणून विचारायची. मी नको म्हणायचे आणि स्वतः उठून आणायचे.

त्याच दिवसांत मास्तरांचा फोन आला. हे निवृत्त शिक्षक, भूगोल शिकवायचे, असं त्यांनीच एकदा सांगितलं होतं. एकोणीस वर्षांचं कनेक्शन. वर्षातून एकदोनदा फोन असायचाच, कधी चॅनल दिसत नाही म्हणून, कधी नुसतं बोलायला.

"बाई, आमच्या शेजाऱ्याने परवा तुमचं कनेक्शन घेतलं," ते म्हणाले. "निम्म्या दरात. बॉक्सही नवा. आमचा बॉक्स तापतो, त्याच्यावर मांजर येऊन झोपतं. मला तोच दर मिळेल का?"

"सर, तो नवीन ग्राहकांसाठी आहे."

"मी एकोणीस वर्षं दर महिन्याला वेळेवर पैसे भरतोय. शेजाऱ्याने एकदा भरले. मग जास्त मान कोणाचा?"

एरवी मी ठरलेलं वाक्य म्हटलं असतं. पण त्या दिवशी मला त्यांचा शब्द न् शब्द पटत होता. मी आवाज खाली करून म्हणाले, "सर, तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की मला बंद करायचंय. पुढचं मी बघते."

"पण मला बंद करायचं नाहीये."

"नुसतं म्हणायचं."

"म्हणजे खोटं बोलायचं?" त्यांनी विचारलं. "चाळीस वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलं हो मी. आता टीव्हीसाठी बोलू?"

मला रागच आला त्यांचा. एक वाक्य बोलायला काय जात होतं माणसाचं? मी म्हणाले, "मग सर, खरंच बंद करा. नव्वद दिवस गेले की तुमचं जुनं खातं पुसलं जातं. मग नवीन म्हणून या. मिळेल सगळं."

"नव्वद दिवस? घरच्या मंडळींची संध्याकाळची मालिका एक दिवस चुकली तरी माझ्याशी अबोला असतो." ते हसले. मग म्हणाले, "म्हणजे जो जात नाही त्याला काहीच नाही. कळलं." आणि फोन ठेवला. माझं बटण करडंच राहिलं.

ते वाक्य डोक्यातून जाईना. जो जात नाही त्याला काहीच नाही. मग विचार आला, आपण तरी कुठे जायचं म्हटलंय? अकरा वर्षांत एकदाही नाही. माणसं थांबवण्याचे सगळे डाव मला पाठ, आणि स्वतःसाठी एकही वापरला नाही. आता हे असं आमच्या खात्यातल्या माणसालाच सुचणार. दुसरं कोणी असतं तर गप दुसरीकडे नोकरी शोधली असती.

सोमवारी सकाळी राजीनामा लिहिला. दोन ओळी. जायचं नव्हतंच मला. पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं, कारण आम्हाला शिकवलंच आहे तसं. आधी कारण विचारायचं. मग म्हणायचं, "तुमच्या इतक्या वर्षांच्या सोबतीची आम्हाला किंमत आहे." हे वाक्य आलं की पाठोपाठ सवलत येते. आणि ज्याला थांबवायचं नसतं त्याच्यासाठी दुसरं वाक्य आहे, "इतक्या वर्षांच्या सोबतीबद्दल आभारी आहोत." त्यानंतर फोन बंद.

साहेबांची खोली काचेची आहे. आत गेले, कागद पुढे ठेवला. बाहेर नवी नव्या खुर्चीत रेलून कोणाला तरी "या, या" करत होती. साहेबांनी दोन ओळी वाचल्या, परत वाचल्या.

"कारण?"

"वैयक्तिक," मी म्हणाले. मनात म्हटलं, आता पुढचं वाक्य.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताई, अकरा वर्षांच्या सोबतीबद्दल आम्ही आभारी आहोत."

मी उभीच राहिले. मग तोंडातून निघून गेलं, "बास? आणखी काही विचारणार नाही?"

ते माणूस म्हणून वाईट नाहीत. ओशाळले. "खरं सांगू? थांबवण्यासाठी वर्षाला थोडी रक्कम मिळते मला. जी माणसं जातील असं वाटतं त्यांची नावं आधीच देऊन ठेवतो. तुमचं नाव कधी घातलंच नाही. तुम्ही कुठे जाणार, असंच वाटायचं." कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "परत घ्या हवं तर. मी पाहिलाच नाही असं समजतो. आहे तसं चालू राहील सगळं."

आहे तसं. म्हणजे ते चाक, ती चिठ्ठी, तो रोजचा चहा. मी काचेतून पाहिलं. नवी आमच्याकडेच बघत होती, आणि मला वाटलं, हिला कळलंय. कागद उचलून बाहेर जाताना हिने मला पाहिलं असतं, तर मी मेले असते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण माझा हात काही पुढे होईना. कागद तिथेच ठेवला.

दाराशी पोचले तेव्हा साहेब मागून म्हणाले, "नव्वद दिवसांनी नवीन म्हणून अर्ज करता येतो, ताई. नव्यांचा पगार मिळेल तुम्हाला. मी हरकत घेणार नाही."

माझेच शब्द. मास्तरांना मीच सांगितलेले.

ते नव्वद दिवस कसे गेले ते विचारू नका. दोन ठिकाणी मुलाखती दिल्या. दोन्हीकडे माझं वय वाचून झाल्यावर पुढचं कोणी वाचलं नाही. कामावरच्या माणसांना घरी कनेक्शन फुकट असतं, ते पहिल्याच दिवशी बंद झालं. नवरा तीन महिने काळ्या पडद्यासमोर बसून जेवला आणि एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

एक्क्याण्णवाव्या दिवशी मी रुजू झाले. पगार नवीइतका. खुर्चीला डोक्याला टेकण. गळ्यात कोरं ओळखपत्र, त्यावर रुजू झाल्याची तारीख आजची. अकरा वर्षांचं नाव नाही, निशाण नाही. साचलेली रजा गेली, खात्यात माझ्यापुढे कोणी नव्हतं ते गेलं. आता सगळ्या माझ्यापुढे. नव्यांना शिकवायचं काम नवीकडे आलं होतं. ती माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसली आणि अवघडून म्हणाली, "ताई, तुम्हाला काय शिकवणार मी? पण फॉर्मवर सही लागते."

"शिकव की," मी म्हणाले. चीड यावी म्हणून वाट पाहिली, पण तिच्यावर चिडायला आता काही उरलंच नव्हतं. चिडावं तर आता माझ्यावरच कोणीतरी.

पहिले तीन महिने नव्या जोडण्यांचे फोन. माझं बटण हिरवं होतं, सकाळपासून. दुपारी एक फोन आला.

"नवीन कनेक्शन हवंय," पलीकडून आवाज आला.

मी लगेच ओळखला. नवी शेजारी कान देऊन होती आणि स्क्रीनवर पहिला प्रश्न आला होता. तो विचारल्याशिवाय पान पुढे जात नाही.

"सर, यापूर्वी आमचं कनेक्शन होतं का तुमच्याकडे?"

त्यांनी प्रश्न स्वतःशीच पुटपुटत परत म्हटला.

"नाही," मास्तर म्हणाले. "कधीच नव्हतं."

मी "नाही"वर टिचकी मारली.

"तुमचा आवाज ओळखीचा वाटतो," ते म्हणाले. "पूर्वी एक बाई होत्या तुमच्याकडे. खूप वर्षं होत्या. आहेत का त्या?"

"नाही सर. त्या सोडून गेल्या. मी नवीन आहे."

"असं होय." ते म्हणाले. "मग आपण दोघंही नवीन."

मी पुढचं ठरलेलं वाक्य वाचलं, आमच्या परिवारात आपलं स्वागत आहे. त्यांनी आभार मानले. निम्मा दर, कोरा बॉक्स, खेळांची चॅनल, सगळं दिलं. नवीने माझ्या फॉर्मवर सही केली आणि म्हणाली, "छान बोललात, ताई."

मी खुर्ची मागे सरकवली. चाकं गुळगुळीत फिरली. चष्मा प्रिंटरपाशी उभी होती, हातात कसलासा कागद पालथा धरून. माझ्याकडे, मग खुर्चीकडे बघत होती. तसं बघणं मला चांगलं ठाऊक आहे.

ती जवळ आली, वाकून हळूच म्हणाली, "ए, नव्वद दिवस कसे काढलेस गं?"