हैबतरावांचा राउटर आणि तुकाबाईची नजर

लवळ्यात हैबतरावांच्या अंगणात दिवेलागणीला मुंगी शिरायला जागा नव्हती. वरच्या खोल्यांतली कॉलेजची पोरं, शेजारपाजारच्या बाया, झाडून सगळे हातात मोबाईल धरून भिंतीवरच्या राउटरकडे बघत होते. पिरंगुटहून आलेले दयानंदगुरू डोळे मिटून पुटपुटत होते. रोज याच वेळेला जाणारं नेट ते आठवडाभर मंत्राने परत आणत होते.

आता हैबतराव म्हणजे काही भोळसट गडी नव्हे. लिंबू-मिरचीविरुद्ध शाळेच्या मैदानात भाषण ठोकणारा माणूस! अंगात आलेल्या बाईला ‘आधी चहा घे, मग घुम’ म्हणणारा. पण गुरूंनी लिंबू काढलंच नाही. ते म्हणाले, ‘‘निगेटिव्ह फ्रिक्वेन्सी!’’ झालं, इंग्रजी शब्द कानावर पडताच आपले हैबतराव विरघळले. लिंबू म्हणजे अंधश्रद्धा आणि फ्रिक्वेन्सी म्हणजे विज्ञान, एवढी अक्कल त्यांना होती, त्यापुढची नव्हती.

‘‘ब्रह्मांडात लहरी, राउटरात लहरी, माणसाच्या नजरेत बी लहरी,’’ गुरू गरजले. ‘‘सांजच्याला या घरात कोण येतं?’’

येणारी एकच. मागच्या पडवीत भाड्यानं राहणारी तुकाबाई, शेळ्या घेऊन. ती फाटकातून शिरायची आणि नेट जायचं, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. नेटवाचून पोरं खोल्या सोडतो म्हणत होती. मग काय, हैबतरावांनी तुकाबाईला उद्याच्या उद्या पडवी रिकामी करायला सांगितलं.

तुकाबाई दारातच उभी होती. ‘‘दादा, दोन शेळ्या गाभण हायेत. कुटं जाऊ मी? आन् नजर लावाया मला ते डबडं धड दिसतंय तरी का?’’ तिचे डोळे भरून आले. हैबतरावांना ते बघवेना, म्हणून त्यांनी राउटरकडे बघितलं.

‘‘ही बाई दारात हाय तोवर लहर येणार न्हाई!’’ गुरूंनी बोट रोखलं.

हे ऐकून हैबतरावांची सून वैष्णवी पुढे आली. ‘‘मामा, बाईला काढायच्या आधी राउटरची सेटिंग उघडून बघू या की.’’

‘‘त्याचा पासवर्ड घरच्या कर्त्याकडंच राहतो.’’

‘‘मग कर्त्यानं उघडावं.’’

आली का पंचाईत! चारचौघांत नाही कसं म्हणणार? हैबतरावांनी चष्मा चढवला आणि लॅपटॉपवर पासवर्ड ठोकला. राउटरचं हे पान उघडायला नेट लागत नाही. वैष्णवीने ‘ॲडव्हान्स्ड’वर बोट ठेवलं. आत ‘पॅरेंटल कंट्रोल’, आणि त्यात एक नियम: ‘साहिल अभ्यास’. रोज सांजेपासून जेवणवेळेपर्यंत नेट बंद. कुणाचं? घरातल्या सगळ्यांचं.

साहिल म्हणजे त्यांच्या लेकीचा मुलगा. सुट्टीत आला तेव्हा सारखा गेम खेळायचा, म्हणून हैबतरावांनी कुणाला न विचारता हा नियम घातला होता. यादीतून एकट्या साहिलचा मोबाईल निवडायचा असतो, हे त्यांना कळलं नव्हतं. पण मला कळत नाही, असं या तोंडानं म्हणायचं कसं? तेव्हा खोल्यांतली पोरं गावाला गेलेली, त्यामुळे ओरडायला कुणी नव्हतं. साहिल गेला, पोरं परतली, नियम तसाच राहिला.

वैष्णवीने नियमापुढची ‘चालू’ची खूण काढली. अंगणभर मोबाईल टिंगटिंग वाजू लागले.

‘‘बघा, मंत्राचा गुण!’’ गुरूंनी हात वर केले.

‘‘अहो, पण बाई तर दारातच आहे,’’ पोरांतली उत्कर्षा म्हणाली.

वैष्णवीने ती खूण पुन्हा लावली. नेट गेलं. ‘‘आणा आता.’’

गुरूंनी डोळे मिटले, पुटपुटले, घामाघूम झाले आणि हळूच घड्याळ बघितलं. नेट आपोआप परत येईपर्यंत मंत्र लांबवायचा, एवढंच त्यांचं शास्त्र होतं! ‘‘आज लहर जरा जड हाय,’’ म्हणत ते बस गाठायला जे पळाले, ते मागे न बघता.

हैबतराव तुकाबाईजवळ जाऊन कुजबुजले, ‘‘चुकलं माझं.’’

‘‘कानात का सांगताय? जा म्हनताना तर लई वरडून म्हनलात.’’

बरोबर होतं तिचं. कान लालेलाल झालेले हैबतराव ओट्यावर चढले. ‘‘मंडळी, नेट मीच बंद केलं आणि आळ या बाईवर घेतला. ठगाला दोष द्या, पण ठगाला माझ्यासारखं शहाणं गिऱ्हाईक लागतं! बाई सांजेला येते, नेट सांजेला जातं, म्हणून एकामुळं दुसरं घडत नसतं. यंत्र अडलं तर आधी आपण कुठलं बटण दाबलं ते तपासा. न कळलं तर न लाजता विचारा. माणसाकडं बोट नंतर दाखवा.’’

‘‘नंतर तरी कशाला?’’ तुकाबाई म्हणाली आणि शेळ्या हाकत आपल्या पडवीत गेली.